शेजारचा वास

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. फार मोठं नको. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक लहानसं बाथरूम, एवढं पुरे. आता नाकाला कामाला लावा. प्रत्येक घराला स्वतःचा एक वास असतो. तुमच्याही घराला आहे. तुम्ही त्यातच राहता म्हणून तुम्हांला कळत नाही, पण पाहुण्याला तो दारातच कळतो. कुणाच्या घराला इस्त्रीच्या कपड्यांचा, कुणाच्या घराला जुन्या पुस्तकांचा, कुणाकडे ओल्या कुत्र्याचा. या घराला मात्र कसलाच वास नाही. आलेल्या माणसाला क्षणभर वाटावं, आपलंच नाक चोंदलंय की काय. अशा घरात एक बाई सकाळी उठते, फरशी नुसत्या पाण्याने पुसते, फडकं नुसत्या पाण्यात पिळते, पिळलेलं फडकं नाकाशी धरून बघते, पुन्हा बघते आणि मग दाराला कुलूप लावून कामाला जाते. डोळे उघडलेत तरी चालेल. आता तिच्या मागोमाग जाऊ.

ती छापखान्यात कामाला होती. पुस्तकांच्या नव्हे, बाटल्यांवर आणि डब्यांवर चिकटवायची लेबलं तिथे छापत. लेबल छापायला जाण्याआधी त्यातलं अक्षर न् अक्षर तपासायचं, हे तिचं काम. लेबलाच्या पुढच्या बाजूला फुलं असत, फेस असे, दात दाखवून हसणारी बाळं असत. तिकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिचं राज्य मागच्या बाजूला, तिळाएवढ्या अक्षरांत. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा. लहान मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. वर्षानुवर्षं अशा ओळी तिच्या नजरेखालून जात होत्या. त्या दिवशी दुपारी फोरमन एक कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, एक ओळ खायचीय."

"कुठली?"

"ही, खालून दुसरी. त्यांना आता मागच्या बाजूलाही हिरवं पान हवंय. निसर्गाचं वगैरे. पान टाकलं की मजकूर खाली सांडतो. ही एक उडवली की सगळं कसं फिट्ट बसतं."

तिने वाकून ओळ वाचली. *इतर कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये.* ही ओळ तिच्या हातून किती वेळा पास झाली असेल याला सुमार नव्हता. ऱ्हस्वदीर्घ बघितलं, पूर्णविराम बघितला, पेन्सिलीने बरोबरची खूण केली, पुढे गेली. आज पहिल्यांदाच ती ओळ कुणीतरी कानाशी येऊन बोलावी तशी तिला ऐकू आली, आणि टेबलाची कड तिने घट्ट धरली.

"पान लहान करा," ती म्हणाली.

"पान? अहो, पानावरच तर माल खपतो. ही ओळ वाचून कुणी बाटली उचललेली ऐकलीय का तुम्ही?"

"मी सही नाही करणार यावर."

फोरमन स्वभावाने चांगला होता. त्याने कागद उचलला, त्याची नीट घडी घातली. "नका करू. साहेब करतील. तुमच्या डोक्याला ताप नको." मग जाता जाता तो थांबला. "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. आज आणायचीय घरी."

"झालं तर मग," तो म्हणाला आणि मशीनच्या आवाजात नाहीसा झाला.

झालं तर मग. तिने ते शब्द मनात उलटेपालटे करून पाहिले. मुलगी आज घरी येईल, आपल्या खोलीत झोपेल, आणि सगळं होतं तिथे येऊन बसेल, असं त्याला वाटत होतं. तिलाही सकाळपासून तसंच वाटून घ्यायचं होतं. पण मुलगी येईल का? हात धरून आणता येईल, बॅग उचलून आणता येईल. पण येईल का? हा प्रश्न तिने नवऱ्यालाही विचारला नव्हता. नवरा सकाळी बूट घालताना एवढंच म्हणाला होता, "तूच जाऊन आण. मी आलो तर तिला वाटेल, आपण दोघं मिळून तिला ओढून न्यायला आलोय." म्हणजे काय, हे दोघांनाही कळलं होतं.

मुलीला घरात मुंगी म्हणत. चिकाटीची म्हणून, आणि साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी शोधून काढायची म्हणून. मुंगी रांगायला लागली तेव्हा तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे उठायचे. झोपेत खाजवून खाजवून ती रक्त काढायची. डॉक्टर म्हणाले, घरातलंच काहीतरी लागत असेल. एवढंच म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पण हिने ते वाक्य घरी आणलं आणि घरभर फिरवलं. कपाटातली एकेक बाटली काढून मागची बाजू वाचली. ती सगळी अक्षरं तिच्या ओळखीची होती. ओळखीच्या माणसाने घरात शिरून चोरी करावी तसं तिला झालं. फरशीचं सुगंधी पाणी गेलं, कपड्यांची निळी पावडर गेली, डासांची उदबत्ती गेली. त्यांच्या जागी व्हिनेगर आलं, खाण्याचा सोडा आला, मीठ आणि लिंबाची सालं आली. आणि मुंगीचे चट्टे गेले! हे विसरून चालणार नाही. आधी फिकट झाले, मग सालपटं निघाली, मग तिथे नवी कोरी कातडी आली. त्या कातडीवरून बोट फिरवताना तिला रडू फुटलं होतं. ती तेव्हा चुकली नव्हती. पुढे कितीही मागे जाऊन शोधलं तरी जिथून चूक सुरू झाली ते ठिकाण तिला सापडायचं नाही, ते यामुळेच.

कारण एकदा बरोबर ठरलेलं माणूस थांबत नाही. खिडकीत बरण्या आल्या. फळांच्या साली पाण्यात घालून ती घरीच आंबट पाणी करू लागली. बरण्यांचं तोंड रोज जरा सैल करावं लागे, नाहीतर झाकण उडे. नवऱ्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, वेळी-अवेळी फोन यायचा, आणि तो दमून घरी आला की दारातच म्हणायचा, "अगं, मी मुरलो का बघ गं! नाहीतर आणखी थोडे दिवस झाकून ठेव." मुंगी खिदळायची. तीही हसायची. मग नवी गादी आली ती वासामुळे परत गेली. रंगीत खडू गेले. आत्याने मुंगीसाठी पाठवलेलं केसांचं तेल आल्या पावली गेलं. एके दिवशी मुंगीच्या दप्तरात गुलाबी खोडरबर सापडलं, स्ट्रॉबेरीचा वास येणारं. मैत्रिणीने दिलेलं. "यात काय आहे माहीत आहे का तुला?" तिने विचारलं. मुंगीने मान हलवली. "मलाही नाही माहीत," ती म्हणाली, "म्हणून तर." आणि खोडरबर कचऱ्यात गेलं. मुंगी रडली नाही. त्यानंतर मुंगीच्या दप्तरात काहीच सापडलं नाही, आणि आईला वाटलं की मुलीला पटलं. तुम्ही मुलं आहात. दप्तरात काही सापडेनासं का होतं, ते तुम्हांला मी सांगायला नको.

घरातली माणसं अशीच हळूहळू लपवायला शिकली. नवऱ्याने दाढीचा फेस कामावरच्या कपाटात ठेवला. मुंगी शाळेत हात धुऊन यायची आणि तिच्या बोटांना कसलासा फुलांचा वास यायचा, तो घरात शिरण्याआधी ती फ्रॉकला पुसायची. आईच्या ते लक्षात येत नसे असं नाही. नाक तिचं तिखट झालं होतं. पण आपल्या घरात तसलं काही असूच शकत नाही, याची तिला इतकी खात्री होती की कुठलाही परका वास आला की तो शेजारचाच. सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच अरुंद बोळात उघडत. शेजारची बाई काय काय ओतायची, वरचे काय फवारायचे, ते त्या बोळातून येतं, असं तिने ठरवून टाकलं होतं. "आला शेजारचा वास," म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. मुंगीसुद्धा तसंच करायला शिकली होती. कुठूनही जरा काही आलं की धावत जाऊन खिडकी लावायची आणि सांगायची, "आई, लावली!"

आणि बाथरूमच्या कोपऱ्यांत बुरशी धरली. खिडकी सदा बंद, धरणारच. काळी, मखमलीसारखी, फरशांच्या फटींतून वर चढणारी. तिने व्हिनेगर चोळलं, सोडा चोळला, दोन्हींचा फेस करून चोळला. बुरशी फिकट व्हायची आणि चार दिवसांनी परत यायची. मुंगी सकाळी खोकू लागली. नवऱ्याने एकदा विषय काढला होता. "हे असं नाही जायचं. जरा कडक काहीतरी लागेल."

"कडक म्हणजे?"

"म्हणजे ते... जाऊ दे."

जाऊ दे म्हणाला आणि त्याने खरंच जाऊ दिलं असं तिला वाटलं.

तो सुट्टीचा दिवस होता. ती मुंगीला घेऊन बाजारात लिंबं आणायला गेली. मायलेकी दुपारपर्यंत येत नाहीत, हा हिशोब करून नवऱ्याने कामावरून आणलेलं ब्लीच काढलं. लेबलाची बाटली घरात दिसायला नको, म्हणून त्याने ते तिच्याच एका कोऱ्या काचेच्या बाटलीत भरून आणलं होतं. कोपऱ्यांत ओतलं, फरशीवर पसरलं, खिडकी सताड उघडली. मुरायला ठेवून मग धुऊन टाकायचं, वास निघून जाईल, बुरशीही जाईल, आणि ती म्हणेल, बघ, शेवटी व्हिनेगरनेच गेली ना? त्याला हेसुद्धा चाललं असतं. तेवढ्यात फोन आला. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत म्हातारी माणसं होती. तो हत्यारांची पिशवी घेऊन धावला. आणि बाजारातलं लिंबांचं दुकान बंद निघालं, मायलेकी लवकरच परत फिरल्या.

त्या दिवसाच्या पुढच्या भागाकडे तिचं मन जात नसे. तिथवर येऊन ते परत फिरे, लिंबांच्या बंद दुकानाशी उभं राही, दुसरं दुकान शोधी. आज मात्र छापखान्यात टेबलाशी बसून समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघताना ती आत गेली. घरात शिरली तेव्हा वास आला होता. हो, आला होता. पोहण्याच्या तलावासारखा, डोळ्यांना झोंबणारा. "आला शेजारचा वास," ती म्हणाली आणि तिने बाथरूमची खिडकी लावून वर कडी घातली. फरशी ओली दिसली. नवऱ्याने जाता जाता पाणी मारलेलं दिसतंय, बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी बाथरूम घासायचं हा दोघींचा खेळ होता. मुंगी फ्रॉक खोचून, ब्रश घेऊन कोपऱ्यात उकिडवी बसली. आईने व्हिनेगर कोमट केलं आणि एका दमात फरशीवर ओतलं.

मुलांनो, व्हिनेगर वाईट नसतं. ते ब्लीचही आपल्या जागी, उघड्या खिडकीत, जपून वापरलं तर उपयोगाचंच. पण दोन्ही एकमेकांत मिसळली की त्यांतून एक वायू निघतो. तो जड असतो. वर जात नाही, खाली बसतो. उभ्या माणसाच्या आधी तो बसलेल्या माणसाला गाठतो.

"आई, नाकात टोचतंय," मुंगी म्हणाली. आणि आई काय म्हणाली? ती म्हणाली, "शेजारचं आहे. जाईल आता."

पुढचं तुटक तुटक. ब्रश फरशीवर पडल्याचा आवाज. ओलसर हातांतून सटकणारी कडी. खोकताना मुंगीचं तोंड नुसतं उघडलेलं, आवाजच नाही. जिना. शेजारची बाई, तीच ती, अनवाणी पळत रिक्षा थांबवणारी. दवाखान्यातला प्लास्टिकचा मास्क, त्याच्या आत धूसर होणारं आणि पुन्हा स्वच्छ होणारं वाफेचं एक वर्तुळ. ती रात्रभर फक्त त्या वर्तुळाकडे बघत होती. नवरा बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला, त्याच्या हातांना अजून ग्रीस होतं.

"ब्लीच होतं ते," तो म्हणाला. "तिच्या खोकल्यासाठी..."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर टाकू दिलं असतंस?"

त्यानंतर त्या दोघांत त्यावर एक शब्दही झाला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. तो तिला बोल लावत नव्हता, ती त्याला लावत नव्हती, आणि ते न लावलेले बोल घरात उभे होते. दोघं त्यांना वळसा घालून चालत. बरण्या तिने मोरीत रिकाम्या केल्या. तो सगळा आंबूस वास एका दुपारीत वाहून गेला. आता फरशीला काय लावायचं? त्याने आणलेलं लावायला तिचा हात धजत नव्हता, आणि तिचं तिला लावायचं नव्हतं. राहिलं पाणी.

संध्याकाळी ती आत्याकडे गेली. आत्या म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. दवाखान्यातून मुंगीला तिनेच आपल्याकडे नेलं होतं, "थोडे दिवस हवापालट" म्हणून. आत्याने दार उघडलं आणि तिच्या अंगावरून लाटेसारखे वास आले. फिनेल, पावडर, भिंतीवर बसवलेलं एक यंत्र दर थोड्या वेळाने फुस्स करून सोडत होतं ते खोटं मोगऱ्याचं अत्तर.

"ये गं. जपून, फरशी ओली आहे, फिनेलने पुसलीय. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणशील लपवलं."

"ताई, मी कशाला काय म्हणेन?"

"काही नाही गं, आपलं बोलले. आमचं मेलं तोंडच असं."

आणि त्या फुसफुसणाऱ्या यंत्राखाली मुंगी सतरंजीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. गाल भरले होते. रंगीत खडू होते. केसांना तेल होतं. ती दारातच उभी राहून मुलीची पाठ बघत राहिली. पाठ वर येत होती, खाली जात होती, न अडखळता, न शिटी वाजवता. जगातलं सगळं विष इथे एका खोलीत होतं आणि मुलगी त्यात छान श्वास घेत होती. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती ज्याच्याविरुद्ध दाराला पाठ लावून उभी होती, ते इथे मुलीच्या उशाशी बसून तिला चित्रं काढायला शिकवत होतं. उद्या, परवा, दहा वर्षांनी याचंही काही होईल का? होईलही. होणारही नाही. तिला आता कुठलीच गोष्ट ठाम माहीत नव्हती, आणि ज्या एका गोष्टीबद्दल ती ठाम होती, तिनेच मुलीला मास्कखाली नेलं होतं.

"राहू दे की आणखी," आत्या हळू आवाजात म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता. "रमलीय इथे. खोकली नाही आठवडाभर. मी काय तोडून घेतेय का तुझ्यापासून?"

"नाही ताई. पण..."

"मग तिलाच विचार."

तिला विचारायचं नव्हतं. पण मुंगी उठून बसली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने आत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, खडू एकेक करून डब्यात भरले आणि डबा आत्याच्या कपाटात नेऊन ठेवला.

"खडू घे की बरोबर," आई घाईने म्हणाली. "घे. चालतील."

"नको. इथेच असू देत," मुंगी म्हणाली. "मी येते घरी. बाबा कामावर गेला की आई एकटी असते ना, आत्या."

वाटेत मुंगी पुष्कळ बोलली. आत्याकडचं मांजर, समोरच्या दुकानातला पोपट, पोपट शिव्या देतो पण फक्त गिऱ्हाइकांना. ती हसत होती, आई हसत होती. रस्त्यावर धूर होता, कुठेतरी रंगकाम चाललं होतं, आणि आई नाकाला पदर लावत नव्हती. मुंगीने ते एकदा वळून बघितलं. जिन्याशी आल्यावर मुंगी दोन पायऱ्या चढून थांबली.

"आई, घरात आता काय आहे?"

"काही नाही गं. सगळं काढून टाकलं."

"मग फरशी कशाने पुसतेस?"

"नुसत्या पाण्याने."

मुंगीने विचार केला. "आणि पाण्यात काय आहे?"

"काही नाही, राणी. खरंच काही नाही." तिचा आवाज तिलाच पटला नाही. हे प्रश्न तिनेच तर शिकवले होते.

तिने कुलूप काढलं. दार ढकललं. सकाळी निघताना तिने घरातली प्रत्येक खिडकी उघडी ठेवली होती, बाथरूमचीसुद्धा. पडदे हलत होते, आणि बोळातून कुणाच्या तरी घरचा साबणाचा वास आत येत होता. "बघ," ती म्हणाली, "सगळ्या उघड्या आहेत. ये."

मुंगी उंबऱ्यावर उभी राहिली. तिने आत नीट बघून घेतलं, आपली खुर्ची कुठे आहे ते बघितलं. मग ती वळली, जिन्याकडे तोंड केलं, दोन्ही खांदे वर जाईपर्यंत मोठा श्वास भरून घेतला, ओठ घट्ट मिटले आणि घरात गेली. खुर्चीत बसली. आणि आईला वाईट वाटू नये म्हणून, तोंड न उघडता, तिच्याकडे बघून हसली.